स्किड असलेल्या बाळासाठी जीन थेरपी की अर्ध्या जुळणीचं ट्रान्सप्लांट?

तुमच्या लांबलचक पत्राचा गाभा आधी मांडते, म्हणजे हेच प्रश्न पडलेल्या इतर आईवडिलांनाही उत्तराचा उपयोग होईल. मुलगा अडीच महिन्यांचा. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या नवजात तपासणीत ट्रेक, म्हणजे नव्या टी पेशींची खूण, जवळजवळ शून्य निघाले, संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी नाहीत, आणि जनुकतपासणीत आयएलटूआरजी या जनुकात बदल सापडला. म्हणजे एक्स-लिंक्ड स्किड, जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचा आजार. तीन वर्षांच्या ताईची अस्थिमज्जा त्याला जुळत नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत: वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या अस्थिमज्जेचं ट्रान्सप्लांट, किंवा क्लिनिकल ट्रायलमध्ये बाळाच्याच मूळपेशींवर जीन थेरपी. तुम्ही विचारता: जीन थेरपीनं मुलांना ब्लड कॅन्सर झाला हे खरं का? पेशी त्याच्याच असतील तर केमो कशाला? आणि ज्या विषाणूतून जनुक घालतात तो एचआयव्ही आहे, हे ऐकलं ते खरं का?

मी पंचवीस वर्षं अशा मुलांची ट्रान्सप्लांट करते आहे आणि गेली बरीच वर्षं जीन थेरपी झालेली मुलंही माझ्याकडे येतात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्या मुलाचं पुढचं आयुष्य सगळ्यात जास्त तिच्यावर अवलंबून आहे: उपचाराच्या दिवशी त्याच्या अंगात संसर्ग असेल की नसेल.

उत्तर अमेरिकेतल्या २५ केंद्रांत २००० ते २००९ या काळात ट्रान्सप्लांट झालेल्या २४० स्किड बाळांची माहिती २०१४ साली एकत्र प्रसिद्ध झाली. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठी पण कधीच संसर्ग न झालेली, त्यांच्यात ९० टक्के. संसर्ग होऊन बरा झालेली, त्यांच्यात ८२. अंगात संसर्ग चालू असतानाच ज्यांना ट्रान्सप्लांटला न्यावं लागलं त्यांचा आकडा या सगळ्यांच्या खूपच खाली होता. दाता कोण, पद्धत कोणती, यावर आम्ही डॉक्टर तासन्‌तास वाद घालतो. पण बाळ निरोगी असताना आमच्या हाती आलं तर त्या वादाची धार निम्म्यानं कमी होते.

म्हणून आज रात्रीपासूनच. भेटायला येणारे बंद, घरात कुणाला शिंक आली तरी त्यानं बाळाच्या खोलीत जायचं नाही. पाणी उकळूनच, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी या मुलांच्या आतड्यात ठाण मांडतो आणि मग हलत नाही. बाळाला कुठलीही जिवंत लस नाही: बीसीजी नाही, रोटाव्हायरस नाही, तोंडातून द्यायचा पोलिओ नाही. ताईलाही तोंडावाटे पोलिओ डोस नको, कारण लसीतला विषाणू तिच्या शौचातून बाळापर्यंत पोहोचू शकतो. तिला इंजेक्शनची लस द्या. रक्त द्यायची वेळ आली तर ते रेडिएशन दिलेलं आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूपासून मुक्तच हवं, आणि हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीविरोधी औषध आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, सुरू झालं असेलच. एकही डोस चुकू देऊ नका.

आणि दूध. हे सांगताना दरवेळी जीव जड होतो. तुमची सीएमव्ही आयजीजी, म्हणजे हा विषाणू पूर्वी होऊन गेला का ते सांगणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह असेल तर तो विषाणू तुमच्या दुधातून बाळाकडे जाऊ शकतो. तुम्हाला त्याचा काहीच त्रास नाही, पण टी पेशी नसलेल्या बाळाच्या फुप्फुसांना, यकृताला आणि डोळ्यांना तो उद्ध्वस्त करतो. अहवाल येईपर्यंत दूध काढून ठेवा, पाजू नका. निगेटिव्ह आला तर पुढे काय करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पॉझिटिव्ह आला तर ते दूध बंद करणं हा तुम्ही बाळाला दिलेला पहिला उपचार समजा. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे घडत नाही.

तुमचं बाळ नवजात तपासणीत सापडलं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशी तपासणी नव्हती. सात महिन्यांचं एक बाळ न्यूमोसिस्टिस न्यूमोनियानं निळं पडून आलं होतं. आई सोबत सगळे जुने कागद घेऊन आली होती. त्यात जन्मानंतर आठवड्याभरात काढलेला एक साधा सीबीसी होता, आणि त्यात लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, ११००. शेजारी छापलेली मर्यादा प्रौढांची होती, म्हणून त्या आकड्यापुढे ना तारा होता ना लाल अक्षर. लहान बाळात हा आकडा अडीच-तीन हजारांच्या खाली असेल तर स्किडचा विचार व्हायलाच हवा. तो कागद सहा महिने एका पिशवीत पडून होता. बाळाला आम्ही वाचवू शकलो नाही. तेव्हापासून कुठल्याही तान्ह्या बाळाचा सीबीसी हातात आला की मी आधी लिम्फोसाइटची ओळ बघते.

ट्रेक म्हणजे काय तेही सांगते, कारण हा शब्द पुढची काही वर्षं तुमच्या घरात रोज बोलला जाणार आहे. थायमस ग्रंथीत नवी टी पेशी घडताना तिच्या डीएनएचा एक तुकडा कापला जातो आणि त्याची दोन टोकं जुळून बारीकशी कडी तयार होते. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यात या कड्या मोजता येतात. कड्या नाहीत, म्हणजे थायमसमधून नव्या टी पेशी बाहेर पडतच नाहीत. उपचारानंतर याच कड्या परत दिसू लागल्या की कारखाना सुरू झाला, असं आम्ही समजतो.

कारखाना बंद का आहे? आयएलटूआरजी हे जनुक 'कॉमन गॅमा चेन' नावाचं प्रथिन बनवतं. इंटरल्यूकिन २, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा संदेशवाहकांचे रिसेप्टर हे एकच प्रथिन वापरतात. ते नसलं की ७चा निरोप टी पेशीच्या पूर्वजांना ऐकू येत नाही आणि १५चा एनके पेशींना, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या पेशींना. बी पेशी तयार होतात, पण टी पेशींच्या मदतीशिवाय आणि २१च्या संदेशाशिवाय त्या कामाचे प्रतिपिंड बनवत नाहीत. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाकडे एक्स एकच असतो, म्हणून आजार मुलग्यांना होतो आणि आई निरोगी वाहक राहते.

याच कारणानं हा आजार जीन थेरपीला फार अनुकूल आहे. टी पेशींची सगळी जागा रिकामी आहे. त्यात मूठभर पूर्वज पेशी जरी दुरुस्त झाल्या तरी त्यांना ७चा निरोप ऐकू येतो, त्या वाढतात आणि रिकामं घर भरून टाकतात. बिघडलेल्या पेशी त्यांच्याशी स्पर्धाच करू शकत नाहीत. निसर्गानं हे स्वतःच करून दाखवलं आहे: एक्स-लिंक्ड स्किडच्या एका मुलात टी पेशींच्या पूर्वजात तो बदल आपोआप उलटला, आणि तेवढ्यावर त्याच्या शरीरात बऱ्यापैकी टी पेशी तयार झाल्या. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. या एका मुलानं वैज्ञानिकांना जितका धीर दिला तितका शंभर उंदरांनी दिला नसेल.

आता कॅन्सरचं. हो, ते खरं आहे, आणि ते तुम्हाला नीट माहीत असायला हवं.

पॅरिसच्या नेकर रुग्णालयात आलँ फिशर आणि मारिना काव्हाझाना यांच्या चमूनं १९९९ साली एक्स-लिंक्ड स्किडच्या बाळांवर जीन थेरपी सुरू केली. बाळाच्या मूळपेशी बाहेर काढून त्यात चांगलं जनुक घातलं आणि केमो न देता परत दिल्या. काही महिन्यांत टी पेशी आल्या, बाळं घरी गेली, शाळेत जाऊ लागली. लंडनमध्ये एड्रियन थ्रॅशर यांच्या चमूनंही तसंच यश मिळवलं. मग २००२ साली पॅरिसमधल्या एका मुलाला टी पेशींचा ल्युकेमिया झाला. पुढच्या काही वर्षांत त्याच्यासह पॅरिसच्या एकूण चौघांना आणि लंडनच्या एकाला. एक मूल दगावलं; बाकीचे चौघे ल्युकेमियाच्या उपचारांनी बरे झाले.

कारण शोधताना सापडलं ते असं. तेव्हा वापरलेला वाहक, म्हणजे जनुक पेशीत नेणारा बदललेला विषाणू, उंदरातल्या एका रेट्रोव्हायरसपासून बनवला होता. तो जनुक घेऊन पेशीच्या डीएनएत कुठेतरी शिरतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना फार जोरकस स्विच असतात. ते स्विच स्वतःचं जनुक तर चालू करतातच, शेजाऱ्याचंही करतात. या मुलांपैकी बहुतेकांत वाहक एलएमओटू नावाच्या जनुकाजवळ बसला होता. हे जनुक टी पेशीत कायम चालू राहिलं तर ती पेशी ल्युकेमियाच्या वाटेला लागते. एक चुकीच्या जागी बसलेली पेशी, आणि वर तिला वाढीचा फायदाही मिळालेला. जो गुण उपचाराला यशस्वी करत होता तोच त्या बिघडलेल्या पेशीलाही पुढे ढकलत होता.

हे स्किडपुरतंच नव्हतं. विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम या दुसऱ्या जन्मजात प्रतिकारशक्ती-कमतरतेवर जर्मनीत त्याच जातीचा वाहक वापरून दहा मुलांवर उपचार झाले, आणि पुढे त्यातल्या सात जणांना ल्युकेमिया झाला. या आकड्यानं तो वाहक या क्षेत्रातून जवळजवळ हद्दपार केला.

आज तुमच्या बाळासाठी जो वाहक सुचवला आहे तो लेंटिव्हायरसपासून बनवलेला, 'स्वतः निष्क्रिय होणारा' आहे. पेशीत शिरल्यावर त्याच्या टोकांचे स्विच बंद होतात, आणि आतलं जनुक चालवण्यासाठी माणसाच्याच एखाद्या साध्या जनुकाचा मंद, शेजाऱ्याला हात न लावणारा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा स्विच, बसवलेला असतो. काहींमध्ये दोन्ही बाजूंना इन्सुलेटरही, म्हणजे आतला आवाज भिंतीपलीकडे जाऊ न देणारे तुकडे. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातून २०१९ साली अशाच वाहकानं उपचार केलेल्या आठ बाळांची माहिती प्रसिद्ध झाली. सात बाळांच्या टी पेशी तीन-चार महिन्यांत सामान्य झाल्या. आठव्याला त्याच्याच पेशींचा आणखी एक डोस दिल्यावर. चौघांचं इम्युनोग्लोब्युलिन बंद झालं आणि त्यातल्या तिघांनी लसींना प्रतिसाद दिला. एडीए नावाच्या एन्झाइमच्या कमतरतेमुळे होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या स्किडमध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पन्नास मुलांवर लेंटिव्हायरल जीन थेरपी झाली. २०२१ साली ती माहिती आली तेव्हा पन्नासच्या पन्नास जिवंत होती, आणि ४८ जणांत दुरुस्त पेशी रुजल्या होत्या. त्यांच्यात ल्युकेमिया नव्हता.

तरी 'लेंटिव्हायरस म्हणजे सुरक्षित' एवढं वाक्य मी तुम्हाला म्हणू देणार नाही. मेंदूच्या अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या आजारासाठीही लेंटिव्हायरल जीन थेरपी आहे, आणि २०२४ साली कळलं की उपचार घेतलेल्या ६७ मुलांपैकी सात जणांना रक्ताचा कॅन्सर झाला. तिथल्या वाहकात बसवलेला प्रमोटर फार जोरकस होता. त्यामुळे डॉक्टरांना 'व्हायरस कोणता' एवढंच विचारू नका. प्रमोटर कोणता, आणि याच वाहकानं किती मुलांवर किती वर्षांपूर्वी उपचार झाले, हेही विचारा. चांगल्या केंद्राला या प्रश्नाचा राग येत नाही.

एचआयव्हीबद्दल. वाहकाचा सांगाडा एचआयव्हीपासून घेतला आहे, हे खरं. पण त्यातली आजार करणारी आणि स्वतःच्या प्रती काढणारी जनुकं काढून टाकलेली असतात. वाहक तयार करताना लागणारे भाग वेगवेगळ्या तुकड्यांवर ठेवतात, म्हणजे ते एकत्र येऊन पुन्हा पसरणारा विषाणू बनू नये, आणि प्रत्येक बॅचची तशी तपासणी होते. तुमच्या मुलाला यातून एड्स होणार नाही. मात्र एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा: त्याच्या पेशीत वाहकाचा डीएनए कायम राहणार, म्हणून उद्या कुणी त्याची पीसीआर पद्धतीची एचआयव्ही चाचणी केली तर ती चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याच्या फाइलमध्ये हे लिहिलेलं असू द्या. तो मोठा होऊन स्वतः डॉक्टरकडे जाऊ लागला की त्यालाही ते सांगा.

आता केमो. पॅरिस आणि लंडनच्या पहिल्या मुलांना ती दिली नव्हती. त्यांना टी पेशी छान मिळाल्या, पण बी पेशी आणि एनके पेशी फारशा दुरुस्त झाल्या नाहीत, आणि बऱ्याच जणांचं इम्युनोग्लोब्युलिन चालूच राहिलं. कारण अस्थिमज्जेतल्या मूळपेशींच्या जागा आधीच भरलेल्या असतात. दुरुस्त पेशींना कायमचं बिऱ्हाड हवं तर थोड्या जागा मोकळ्या कराव्या लागतात. त्यासाठी बुसल्फान हे केमोचं औषध देतात, पण ट्रान्सप्लांटच्या पूर्ण डोसपेक्षा बराच कमी. मिलानच्या सान राफाएले संस्थेनं एडीए स्किडमध्ये कमी डोसचा हा मार्ग आधी दाखवला, आणि २००२ सालच्या त्या कामातून पुढे २०१६ साली युरोपात मान्यता मिळालेला उपचार उभा राहिला. बुसल्फान प्रत्येक बाळाच्या शरीरातून वेगळ्या वेगानं बाहेर पडतं. म्हणून पहिल्या डोसनंतर ठरावीक तासांनी रक्त घेऊन पातळी मोजतात आणि पुढचा डोस त्यावर ठरवतात. तुमचं केंद्र हे करत नसेल तर तिथे उपचार घेऊ नका. इतकं स्पष्ट मी क्वचितच लिहिते.

प्रत्यक्षात काय होईल? भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतील, किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर. त्यातल्या सीडी३४ खूण असलेल्या पेशी, म्हणजे मूळपेशी, चुंबकी कणांनी वेगळ्या करतात. थोडा भाग न बदलता राखीव म्हणून गोठवून ठेवतात, पुढे काही बिनसलं तर. उरलेल्या पेशी दोन ते चार दिवस वाढीच्या द्रवात वाहकाबरोबर ठेवतात, मग गोठवतात, आणि मग तपासण्यांचे आठवडे. एका पेशीत सरासरी किती प्रती गेल्या, जंतू आहेत का, पेशी जिवंत किती. पालकांना हा काळ सगळ्यात असह्य वाटतो, कारण बाहेरून काहीच घडताना दिसत नाही.

मग बुसल्फान, आणि मग तो दिवस. आदल्या रात्री झोपलेल्या नसतात आया. द्रव नायट्रोजनमधून पिशवी येते, पाण्याच्या टबात वितळते. संत्र्याच्या फोडीएवढा गुलाबी द्रव. सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, तो पाच-दहा मिनिटांत आत जातो. खोलीत लसणासारखा वास पसरतो, गोठवताना वापरलेल्या डीएमएसओचा, आणि तो बाळाच्या श्वासाला दिवसभर येत राहतो. आई माझ्याकडे बघते आणि म्हणते, "झालं? एवढंच?" एवढंच. त्यानंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, खाली जातात आणि वर येतात, कधी प्लेटलेट द्याव्या लागतात, कधी तोंड येतं. कमी डोसमुळे बहुतेक बाळं हे फार त्रासाविना पार करतात. टी पेशींसाठी मात्र थायमसची वाट बघावी लागते. सहाव्या आठवड्यात आकडा शून्य दिसला तर खचू नका. तिसऱ्या महिन्यापर्यंत बघायचं असतं. इम्युनोग्लोब्युलिन बंद होण्याची गोष्ट वर्षभरानंतरची.

त्यानंतर पंधरा वर्षं फेऱ्या. यात दर काही महिन्यांनी रक्तातल्या पेशींत वाहक कुठे-कुठे बसला आहे त्याचा नकाशा काढतात. हजारो जागा थोड्या-थोड्या दिसायला हव्यात. एकच जागा वाढत वाढत पुढे येत असेल तर ती लवकर पकडता येते. १९९९च्या मुलांसाठी हे डोळे नव्हते.

आता वडिलांच्या अस्थिमज्जेची बाजू, कारण तिला कमी लेखणं चुकीचं ठरेल. ती काही दिवसांत मिळू शकते. तिच्यामागे कित्येक दशकांचा अनुभव आहे. एक्स-लिंक्ड स्किडमध्ये तर केमोशिवायही दिली तरी वडिलांच्या टी पेशी बाळात रुजतात. अडचण अशी की अर्धी जुळणी म्हणजे जीव्हीएचडीचा धोका, वडिलांच्या टी पेशींनी बाळाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर चाल करून जाण्याचा. तो टाळण्यासाठी त्या टी पेशी आधी गाळून काढाव्या लागतात, आणि मग नव्या टी पेशी यायला वेळ लागतो. केमो न देता केलं तर बी पेशी बहुधा बाळाच्याच राहतात, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन वर्षानुवर्षं लागू शकतं. काहींच्या टी पेशी पुढे मोठ्या वयात ओसरतात. अशाच पाच मुलांवर आणि तरुणांवर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लेंटिव्हायरल जीन थेरपी झाली. त्यातला एक जण पुढे दगावला तो आधीच्या संसर्गांनी निकामी झालेल्या फुप्फुसांमुळे. उपचारानं पेशी सुधारल्या, फुप्फुसं परत आली नाहीत.

आता माझं मत सांगते. बाळाला आज संसर्ग नाही, ट्रायलमध्ये जागा आहे, आणि केंद्र पहिल्या भेटीपासून काही आठवड्यांत अस्थिमज्जा काढायला तयार आहे, असं असेल तर मी जीन थेरपी निवडेन. जीव्हीएचडी नाही, बी पेशी मिळण्याची शक्यता जास्त, आणि ती फसली तर वडील तिथेच आहेत. पण 'तीन-चार महिने थांबा' असं सांगत असतील, किंवा वाट पाहताना बाळाला ताप-खोकला धरला, तर एक दिवसही न थांबता ट्रान्सप्लांटकडे वळा. अर्ध्या जुळणीचं वेळेवर झालेलं ट्रान्सप्लांट हे उशिरा मिळालेल्या उत्तम उपचारापेक्षा चांगलं. आणि ताई जुळली असती तर मी हा सगळा विचारच केला नसता. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा आजही पहिली निवड आहे, त्या २४० बाळांत तसं झालेल्यांपैकी ९७ टक्के जिवंत होती.

ज्यांच्या मुलाला वेगळी प्रतिकारशक्ती-कमतरता आहे त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये दुरुस्त न्यूट्रोफिलना वाढीचा काही फायदा नसतो, ते काही दिवसच जगतात. म्हणून तिथे मूळपेशीच पुरेशा रुजाव्या लागतात आणि केमोचा डोस जास्त लागतो. आर्टेमिस स्किडमध्ये डीएनए दुरुस्त करण्याचं यंत्रच बिघडलेलं असल्यानं केमो फार जपून द्यावी लागते. तिथेही दहा बाळांवरच्या लेंटिव्हायरल उपचाराचे चांगले निकाल २०२२ साली आले. सीडी४० लायगँडच्या कमतरतेत तर जनुक नुसतं घालून भागत नाही, कारण ते गरजेपुरतंच चालू व्हावं लागतं. उंदरात कायम चालू ठेवल्यावर लिम्फोसाइट बेलगाम वाढले. तिथे जनुक त्याच्या मूळ जागीच दुरुस्त करणारी एडिटिंगची वाट योग्य. आजाराचं नाव सारखं वाटलं तरी जनुक बदललं की सगळा हिशेब बदलतो.

एक खंत आहे. चांगला चाललेला उपचार केवळ रुग्ण मोजके आहेत म्हणून कपाटात गेलेला मी पाहिला आहे. ज्यांच्याकडे हक्क होते त्यांनी हात काढला, आणि यादीत नाव असलेली बाळं इंजेक्शनांवर दिवस ढकलत राहिली. म्हणून ट्रायलच्या लोकांना हेही विचारा: पुढच्या दोन वर्षांचा पैसा आणि वाहकाचा साठा आहे का, आणि ट्रायल थांबली तर पंधरा वर्षांची देखरेख कोण करणार? उत्तर लेखी घ्या.

शेवटी, पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहिलेली ओळ. तुमचा भाऊ चार महिन्यांचा असताना न्यूमोनियानं गेला, आणि धाकटी बहीण आता सात महिन्यांची गरोदर आहे. तुमच्या मुलाचा आजार आणि भावाचा मृत्यू एकत्र पाहिले तर तुमची आई वाहक असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसं असेल तर बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. बाळ मुलगा असेल तर आज त्याला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. तुमच्या मुलातला नेमका बदल माहीत असल्यानं बहिणीची तपासणी सोपी आहे, एका रक्ताच्या नमुन्याची. ती वाहक निघाली, किंवा तोपर्यंत अहवाल आलाच नाही, तर बाळ जन्मताच नाळेच्या रक्तातून लिम्फोसाइट आणि टी पेशी मोजायच्या, जनुकतपासणीला नमुना पाठवायचा, आणि अहवाल हातात येईपर्यंत बीसीजी द्यायची नाही. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना हे आत्ताच लेखी कळवायला हवं, कारण काही ठिकाणी बीसीजी पहिल्याच दिवशी देऊन मोकळे होतात. तुमच्या मुलाच्या जनुकतपासणीच्या अहवालाची प्रत आज बहिणीला पाठवा.